आधी पाणी, मग झिलई

लातूर असो की नांदेड, सॅनिटरीच्या दुकानात एक भिंत नळांची असते. वरून पांढरे दिवे सोडलेले, खाली काळा किंवा करडा पॅनेल आणि त्यावर रांगेनं क्रोम, मॅट ब्लॅक, रोझ गोल्ड, अँटिक, ब्रश्ड स्टील. सगळंच झळकतं आणि सगळंच आवडतं. पण त्या भिंतीवरच्या एकाही नळातून पाणी गेलेलं नसतं. तोच नळ घरी बसला की दुसऱ्या दिवसापासून पाणी त्याच्यावर आपलं काम सुरू करतं आणि दोन वर्षांनी तो कसा दिसेल हे दुकानातल्या दिव्यांपेक्षा ते पाणीच जास्त ठरवतं. म्हणून मराठवाड्यात बाथरूमच्या नळाचा रंग निवडताना ‘कोणता शोभेल’ हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न, आपल्याकडे पाणी कुठलं येतं?

लातूरची तहान मांजरा धरणावर अवलंबून. धरण केज तालुक्यात धनेगावला, आणि ते आटलं की शहराचे हाल काय होतात हे २०१६च्या उन्हाळ्यात साऱ्या देशानं पाहिलं. मिरजेहून पाणी घेऊन निघालेली पहिली ‘जलदूत’ रेल्वे १२ एप्रिल २०१६ रोजी लातूरला पोचली. १० वाघिणी आणि जेमतेम ५ लाख लिटर पाणी. ज्या गावानं रेल्वेनं आलेलं पाणी प्यायलंय, तिथं घर बांधताना बोअर आणि जमिनीखालची टाकी यांचा विचार पायाबरोबरच होतो. नांदेडला गोदावरी आहे, विष्णुपुरीचा शंकरसागर जलाशय आहे. तिथलं नळाचं पाणी त्या मानानं सौम्य. पण शहराच्या कडेला वाढलेल्या वसाहतींत बोअरशिवाय भागत नाही, आणि उन्हाळ्यात तर नळाच्या पाण्याला बोअरची जोड द्यावीच लागते.

हे बोअरचं पाणी काळ्या पाषाणातून झिरपून आलेलं असतं. मातीतून उतरताना पावसाच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळतो, पाणी किंचित आम्ल होतं आणि वाटेतल्या बेसॉल्टमधलं कॅल्शियम, मॅग्नेशियम हळूहळू आपल्याबरोबर घेऊन खाली जातं. साबणाला फेस येत नाही, डाळ शिजत नाही, केस राठ होतात. बायका त्याला सरळ ‘जड पाणी’ म्हणतात. भारतीय मानक आय. एस. १०५०० पिण्याच्या पाण्यात लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंतचा जडपणा योग्य मानतं आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतं. खोल बोअरला ही वरची मर्यादा काही दूर नसते.

आता ५०० मिलिग्रॅम जडपणाच्या पाण्याचा एक थेंब नळाच्या अंगावर वाळू द्या. थेंब ढोबळमानानं लिटरच्या २०,००० व्या भागाएवढा, म्हणजे त्यातून उरणारी खडूसारखी भुकटी एका मिलिग्रॅमच्या चाळिसाव्या भागाइतकी. डोळ्यांना दिसणारही नाही. पण एका आंघोळीत नळावर असे ४० थेंब वाळले तर एक मिलिग्रॅम झाला. घरात माणसं चार धरली की वर्षाला जवळजवळ दीड ग्रॅम. त्यातलं निम्मं पुसलं गेलं, धुऊन गेलं असं धरलं तरी उरलेलं त्या वीतभर नळावर थरावर थर बसत जातं, आणि ते साबणाला भेटलं की चिकट राखाडी साय तयार होते. चकचकीत क्रोमवर ही साय पांढऱ्या ठिपक्यांत दिसते. ब्रश्ड स्टीलवर ती रेषांमध्ये मिसळून जाते. मॅट ब्लॅकवर मात्र एकेक थेंब वेगळा उठून दिसतो, आणि पृष्ठभाग खरखरीत असल्यानं निघतही नाही. जड पाण्याच्या घरात सगळी बाथरूम मॅट ब्लॅक करणं मला अजिबात पटत नाही. मासिकातलं छायाचित्र पाहून ही निवड होते आणि मग वर्षभर घरातली बाई फडकं घेऊन त्या नळांच्या मागे असते.

फडकं असेल तरी ठीक. खरं नुकसान घासणीनं होतं, आणि त्याचं मूळ आपल्या घरांच्या इतिहासात आहे.

मराठवाड्यातल्या जुन्या न्हाणीघरात धातू भरपूर असे. तांब्याचा बंब, तांब्याचं किंवा पितळेचं घंगाळ, पितळी बादली, तांब्या. बंब नीट पाहिला तर तीन धातू दिसतात. अंग तांब्याच्या पत्र्याचं, कारण तांब्यातून उष्णता पितळेपेक्षा तिपटीहून सहज वाहते आणि मधल्या नळकांड्यात पेटलेल्या निखाऱ्यांची धग पटकन पाण्यात उतरते. तोटी पितळेची, कारण तांबं मऊ. फिरणाऱ्या चावीची घट्ट बैठक पितळेतच कातून साधते. आणि निखारे झेलणारी जाळी लोखंडाची, कारण तिला फक्त आग सोसायची आहे. लालसर अंग, पिवळी तोटी, काळी जाळी. ही रंगसंगती कुणी कागदावर काढलेली नव्हती. ज्याला जे काम जमतं त्याला ते काम दिलं, आणि दिसायलाही ते देखणं झालं. आजच्या बाथरूममध्ये दोन झिलया एकत्र आणायच्या असतील तर मला याहून चांगला धडा दुसरीकडे सापडत नाही.

हा बंब धुरानं काळा पडे. दिवाळीच्या आधी तो चिंच आणि राखेनं घासला जाई, अभ्यंगस्नानाला लखलखीत हवा म्हणून. चिंचेतलं आम्ल तांब्यावरचा काळा थर विरघळवतं, राख उरलेलं खरवडून काढते आणि आतून पुन्हा तांबंच निघतं. दर घासणीत धातूचा अगदी बारीकसा थर जातो, पण पत्रा आरपार तांब्याचाच. शंभर दिवाळ्या घासला तरी रंग संपत नाही. पिढ्यान्‌पिढ्या हाताला वळण पडलं ते हेच: मळलं की घास, घासलं की उजळतं.

आजचा नळ या वळणाचा नाही. चांगल्या क्रोमच्या नळाचं अंग पितळेचंच असतं, बरेचदा जामनगरसारख्या ठिकाणी ओतलेलं आणि कातलेलं. त्यावर विजेच्या साहाय्यानं निकेलचा थर चढवतात, साधारण ८ ते १० मायक्रॉनचा, आणि त्यावर क्रोमियमचा जवळपास पाव मायक्रॉनचा. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो. आपण ज्याला क्रोमची चमक म्हणतो ती बहुतांशी खालच्या निकेलची असते. वरचं क्रोमियम त्या निकेलला पिवळट पडू देत नाही, ओरखडे झेलतं आणि थोडी निळसर झाक देतं. या पाव मायक्रॉनवर तारेची घासणी फिरली की काही महिन्यांत त्याखालचं निकेल उघडं पडतं, मग पितळ, आणि मग हिरवट डाग. पूर्वी पितळेच्या भांड्याची कल्हई उडाली तर कल्हईवाला दारात येऊन नव्यानं चढवून देई. घरगुती नळावर क्रोम पुन्हा चढवून घेणं कुणाला परवडत नाही.

घासणीपेक्षा वाईट म्हणजे ॲसिड. बाटलीतलं स्वस्त ॲसिड, म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल, संडास-मोरीसाठी आणलेलं असतं आणि जाता जाता नळावरही ओतलं जातं. पांढरा थर फसफसून निघतो, नळ त्या दिवशी नवा दिसतो. पण क्रोमियम हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळतं. जाणता प्लंबर ‘मावशी, फरशीला काय लावायचं ते लावा, नळावर ॲसिड उडू देऊ नका’ म्हणतो ते यासाठीच. खरं तर फरशीलाही लावू नये, निदान ती शहाबादी असेल तर. आपल्याकडच्या असंख्य न्हाण्यांमध्ये शहाबादी आहे, आणि शहाबादी म्हणजे चुनखडक, कॅल्शियम कार्बोनेट. नळावर बसलेला पांढरा थरही मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटच. जे आम्ल एकाला खातं ते दुसऱ्यालाही खाणार. नळावरच्या थराला पाण्यात निम्मं पातळ केलेलं व्हिनेगर पुरतं: फडकं भिजवून पाच मिनिटं गुंडाळायचं, काढायचं, भरपूर पाण्यानं धुवायचं आणि कोरडं पुसायचं. लिंबू चालेल, पण तेही तसंच ठेवून द्यायचं नाही.

सोनेरी आणि रोझ गोल्ड नळांबद्दल लोकांच्या मनात दोन टोकाच्या समजुती आहेत. एक, हा रंग लगेच उडतो. दुसरी, महाग आहे म्हणजे टिकणारच. दोन्ही अर्धवट. सोनेरी दिसणारे नळ किमान दोन अगदी वेगळ्या पद्धतींनी बनतात. एकात पितळ पॉलिश करून त्यावर पारदर्शक लॅकर मारलेलं असतं. लॅकरला कुठं चीर पडली की तिथून पाणी शिरतं आणि आत काळे नकाशे उमटतात. दुसरी पद्धत पी. व्ही. डी.ची. क्रोम केलेला नळ निर्वात पेटीत ठेवून टायटॅनियम किंवा झिरकोनियमची वाफ नायट्रोजनशी संयोग करत त्याच्यावर बसवतात. टायटॅनियम नायट्राइड सोनेरी दिसतं, झिरकोनियम नायट्राइड फिक्या पितळेसारखं. थोडा कार्बन मिसळला की तांबूस छटा येते. त्यात सोनं गुंजभरही नसतं, पण हा थर साध्या क्रोमच्या दुपटीहून कठीण असतो. दुकानात एवढंच विचारा: ‘हे पी. व्ही. डी. आहे का, आणि झिलईची हमी किती वर्षांची?’ नळाची हमी वेगळी असते, झिलईची वेगळी. बिलावर दुसरी लिहून घ्यावी.

काळ्या रंगाचंही तसंच. पावडर कोटिंगचा काळा थर क्रोमपेक्षा कितीतरी जाड असतो, पण मऊ. पान्ह्याचा एक दात लागला तरी खालचा धातू पांढरा चमकतो. पी. व्ही. डी.चा काळा पातळ आणि कठीण. बसवणाऱ्यानं दोन्हींवर पान्हा लावताना फडकं गुंडाळायलाच हवं. नळ बसताना आपण घरी थांबावं ते याचसाठी.

आता दोन झिलया एकत्र आणण्याचा प्रश्न. लातूर रोडहून उदगीर, भालकी करत रेल्वे बिदरला जाते, आणि बिदरच्या कारागिरांनी हा प्रश्न कित्येक शतकांपूर्वी सोडवलेला आहे. बिदरी भांडं जस्ताचं ओततात, त्यात थोडं तांबं घालून. अंगावर मोरचुदाचं पाणी फिरवून तात्पुरता काळसर रंग आणतात, म्हणजे टोकदार छिन्नीनं कोरलेली रेघ स्पष्ट दिसते. त्या रेघेत चांदीची तार हातोडीनं ठोकून बसवतात आणि सगळं घासून सपाट करतात. या वेळी भांडं एकसारखं राखाडी असतं, चांदी कुठली आणि जस्त कुठलं ते कळतसुद्धा नाही. मग ते किंचित तापवून बिदरच्या किल्ल्यातली जुनी माती आणि नवसागर यांच्या लेपानं चोळतात. जस्ताचं अंग कायमचं गर्द काळं होतं, चांदीला काहीच होत नाही. लेप धुतला की काळ्यावर चांदीची वेल उमटते. शेवटी तेलाचा हात.

यात शिकण्यासारखं बरंच आहे. काळं पुष्कळ, चांदी थोडी. दोघांचा वाटा समान नाही, म्हणूनच नजर गोंधळत नाही. दोघांतलं अंतर इतकं स्पष्ट की कुणालाही ते चुकून झालं असं वाटणार नाही. बाथरूममध्ये घोटाळा होतो तो नेमका इथं. क्रोमच्या नळाशेजारी पॉलिश केलेलं निकेल लावलं जातं: एक निळसर, एक पिवळसर, दोन्ही चकचकीत. पाहणाऱ्याला वाटतं, एक जुना झालाय. दोन कंपन्यांचं ‘ब्रश्ड गोल्ड’ शेजारी आलं तर असंच होतं, कारण त्या छटेचं कुठलं एक ठरलेलं माप नाही. एक तर अगदी सारखं घ्या, नाही तर ठळक वेगळं घ्या. मधलं काही नको.

आणि तेलाचा हात विसरू नका. बिदरीचं काळं टिकतं कारण ते कोरडं राहतं, त्यावर कुणी बोअरचं पाणी ओतत नाही. म्हणून माझा सल्ला सरळ आहे: झिलया मिसळायच्या असतील तर ओलं आणि कोरडं अशी वाटणी करावी. बादलीवरचा नळ, शॉवर, जेट स्प्रे, बेसिनचा नळ, म्हणजे जिथं रोज पाणी उडतं तिथं एकच झिलई, आणि ती जड पाणी सोसणारी: ब्रश्ड स्टील, सॅटिन निकेल, नाही तर साधं क्रोम. आरशाची चौकट, टॉवेलचा दांडा, दाराची मूठ, दिव्याचं ब्रॅकेट इथं काळं किंवा पितळी रंग हौसेनं आणावा. तिथं तो वर्षानुवर्षं तसाच राहील. नांदेडमध्ये फक्त विष्णुपुरीचं पाणी वापरणाऱ्या घरानं मात्र बेसिनच्या नळालाही काळा रंग द्यायला हरकत नाही, रोज पुसायची तयारी असेल तर.

दुकानात जाण्याआधी एक यादी करावी, आपण न निवडलेल्या धातूंची. मोरीची जाळी, अँगल कॉक, गीझरच्या विणीच्या नळ्या, बेसिनखालचा बॉटल ट्रॅप, वेस्ट कपलिंग, दाराची बिजागरी, आतली कडी, साबणाची जाळी. यातलं जवळपास सगळं क्रोम नाही तर स्टील येतं. म्हणजे तुम्ही ठरवा किंवा न ठरवा, बाथरूमला रुपेरी रंग आधीच लागलेला असतो. काळे नळ घेणाऱ्याला या आठ-दहा वस्तूही काळ्या घ्याव्या लागतात आणि अंदाजपत्रक तिथं फुगतं. रुपेरी हाच पाया मानून त्यावर एखादी दुसरी छटा आणणं स्वस्त पडतं, आणि दिसायलाही नेटकं. तिसरी छटा आलीच तर ती एखाद्याच वस्तूपुरती.

स्टीलबाबत सावध राहावं. ३०४ प्रतीच्या स्टीलमध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं; २०२ प्रतीत निकेल कमी करून मँगेनीज वाढवलेलं असतं. दोन्ही दिसायला सारखी, पण क्लोरीनच्या पाण्यात २०२ची जाळी लवकर गंजाचे ठिपके धरते. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतो आणि ‘चिकटत नाही, म्हणजे ३०४’ म्हणतो. ही परीक्षा उपयोगाची नाही, कारण २०२लाही चुंबक चिकटत नाही. वस्तूवर ठोकलेला शिक्का बघावा आणि बिलावर प्रत लिहून घ्यावी. नळाचं मात्र वजन पाहावं. पितळेचा नळ हातात भारी लागतो. हलका लागला तर मूठ जस्ताच्या मिश्रधातूची किंवा आतलं अंग प्लास्टिकचं असण्याची शक्यता जास्त. प्लास्टिकवरचं क्रोम हँड शॉवरला चालून जातं, पण बादलीवरच्या नळाला, जो दिवसातून वीस वेळा फिरतो, तिथं ते पापुद्र्यानं सुटतं.

ज्यांना खरा धातू हवा आहे त्यांच्यासाठी एक वाट अजून खुली आहे, आणि ती मला मनापासून आवडते. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत आजही मठाराचं काम होतं. तांब्याच्या पत्र्यावर गोल तोंडाच्या हातोडीनं ओळीनं ठोके देत जातात. ठोक्यानं मऊ तांबं कडक होतं, आणि प्रत्येक खळगा उजेड वेगळ्या दिशेला फेकतो, त्यामुळे पाण्याचे डाग त्यात हरवून जातात. अशा तांब्याचं बेसिन किंवा घरातच माळ्यावर पडलेलं आजीचं घंगाळ बेसिन म्हणून बसवलं तर त्याच्या जोडीला स्टीलचा साधा नळ पुरतो. हे बेसिन काळपट पडेल, आणि त्याला चिंच चालेल. घरातल्या सगळ्यांना एवढं मात्र सांगून ठेवावं लागतं की चिंच बेसिनला, नळाला नाही.

खरेदी करताना ओल्या बाजूचा सगळा माल एका कंपनीचा, एकाच वेळी, एकाच दुकानातून घ्यावा. एकाच कंपनीची छटाही खेपेगणिक थोडी बदलते. क्रोम सोडून दुसरी कुठलीही झिलई घेतली असेल तर एक अँगल कॉक आणि एक जेट स्प्रे जादा घेऊन ठेवावा. बिघडण्यात या दोन वस्तू पुढे असतात, आणि पाच वर्षांनी त्या छटेची जोडी लातूरच्या गंजगोलाईच्या बाजारात मिळेलच याची खात्री दुकानदारसुद्धा देत नाही. मॉडेलचा नंबर, छटेचं नाव आणि बिलाचा फोटो घराच्या कागदपत्रांसोबत ठेवावा, बोअरच्या खोलीच्या नोंदीशेजारी.